दोन हजार घरांचा कागद

टर्बो सीच्या काळ्या स्क्रीनवर वर्तुळ काढायला गेलं की अंडं निघायचं. सूत्र बरोबर, त्रिज्या बरोबर, तरी आकार उभट. टेक्स्ट मोडमध्ये एका अक्षराचं घर रुंदीपेक्षा उंचीला जवळपास दुप्पट असतं, म्हणून. आडव्या अंतराला दोनाने गुणलं की वर्तुळ ताळ्यावर यायचं. चौकोनी आलेखकागदावर वाढलेल्या मुलांना कागदाचाही स्वतःचा आकार असतो, हे असं कळलं.

हा काळ साधारण १९९० ते २००५चा. नाशिकला क. का. वाघ संस्थेचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८४ साली सुरू झालं होतं, अभ्यासक्रम पुणे विद्यापीठाचा. पॉलिटेक्निक होती, अकरावी-बारावीचं बायफोकल कॉम्प्युटर सायन्स होतं, आणि कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत खासगी क्लास होते. चपला बाहेर काढून एसी लॅबमध्ये शिरायचं, फ्लॉपी टाकायची, निळा संपादक उघडायचा. बोरलँडचं टर्बो सी १९८७चं; आपल्याकडे ते त्यानंतर कितीतरी वर्षं टिकलं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांची ‘लेट अस सी’ आणि इतर पुस्तकं हातोहात फिरत. स्क्रीनची मेमरी थेट कशी हाताळायची हे अनेकांना कॉलेजातल्या तासापेक्षा या पुस्तकांतून समजलं.

ग्राफिक्स मोडही होताच. पण त्याला बीजीआय या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलचा पत्ता अचूक द्यावा लागे, आणि मशीन बदललं की ‘ग्राफिक्स नॉट इनिशियलाइज्ड’ असं उत्तर येई. टेक्स्ट मोड मात्र कुठल्याही मशीनवर चाले. त्यामुळे चित्र काढायची हौस असलेली मुलं अक्षरांनीच चित्रं काढू लागली आणि त्यातून एक छोटा प्रोग्रॅम जन्माला यायचा: बाणांच्या कळांनी कर्सर हलवायचा, स्पेसबारने पेन खाली-वर करायचं, अंकाने रंग बदलायचा, एस्केपने बाहेर.

लिहायला हे सोपं वाटतं. पहिली अडचण बाणांचीच. साधी कळ दाबली की एक आकडा मिळतो. बाण दाबला की आधी शून्य येतं, आणि पुन्हा वाचलं तर खरा आकडा: वर ७२, खाली ८०, डावीकडे ७५, उजवीकडे ७७. हे माहीत नसलेल्याचा कर्सर वर जायच्या ऐवजी ‘एच’ उमटवून पुढे सरके, कारण ७२ हा ‘एच’चाही आकडा आहे. मग रेघा. आयबीएमच्या अक्षरसंचात चौकटीचे तुकडे तयार होते: आडवी रेघ १९६, उभी १७९, वरचे कोपरे २१८ आणि १९१, खालचे १९२ आणि २१७, भरलेला ठोकळा २१९. पेन उजवीकडे जाऊन खाली वळलं तर कोपरा १९१, वर वळलं तर २१७. मागची दिशा लक्षात ठेवल्याशिवाय वळण जुळत नाही. प्रोग्रॅमला स्मृती का लागते, याचं इतकं रोकडं उदाहरण मला तरी दुसरं माहीत नाही.

स्क्रीन ८० स्तंभांची आणि २५ ओळींची, म्हणजे २००० घरं. प्रत्येक घराला दोन बाइट: एक अक्षराचा, एक रंगाचा. रंगाच्या बाइटमध्ये चार बिट अक्षराच्या रंगाचे, तीन पार्श्वभूमीचे आणि उरलेला एक लुकलुकण्याचा. रंगीत कार्डावर ही मेमरी बी८०० या पत्त्यापासून सुरू होई, मोनोक्रोमवर बी०००पासून. ओळीला ८०ने गुणा, स्तंभ मिळवा, दुप्पट करा, की घराचा पत्ता हाती. तिथे बाइट ठेवला की त्याच क्षणी काचेवर अक्षर. पॉइंटर म्हणजे काय हे फळ्यावरच्या बाणांनी ज्यांना कळलं नाही, त्यांना ते इथे डोळ्यांनी दिसलं. स्क्रीनवरची अक्षरं लहान-मोठी करून नाचवणारे प्रोग्रॅम त्या काळी लॅबचे लाडके होते, तेही याच जागेशी खेळून केलेले.

थेट मेमरीत लिहायची गरज आणखी एका कारणाने पडे. नेहमीच्या फंक्शनने २५व्या ओळीच्या ८०व्या घरात अक्षर लिहिलं की कर्सर पुढच्या ओळीवर जाऊ पाही, ओळ नसल्याने अख्खी स्क्रीन एक घर वर सरके आणि चित्राची चौकट तुटे. शेवटच्या घराचा हा जाच ज्याने सोडवला तो लॅबमध्ये दादा.

दुसरी कसोटी रंग भरण्याची. बंद आकारात रंग ओतायचा तर एक घर रंगवा आणि चारही शेजाऱ्यांसाठी तेच फंक्शन पुन्हा बोलवा. पाच-सहा ओळींत काम होतं. छोट्या चौकटीत झकास चाले. पूर्ण स्क्रीन भरायला सांगितली की मशीन गप्प, कारण टर्बो सी स्टॅकसाठी मुळात फक्त ४ केबी राखून ठेवत असे आणि दोन हजार घरांची एकात एक अडकलेली बोलावणी त्यात मावत नसत. रिकर्शनवर परीक्षेत पाच मार्कांचं उत्तर लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी ते असं कोसळताना पाहिलं होतं, कोण जाणे.

चित्र जपून ठेवायचं तर ४००० बाइट जसेच्या तसे फाइलमध्ये ओतायचे. ३६० केबीच्या फ्लॉपीवर ऐंशीच्या वर चित्रं बसत. छापायला गेलं की फजिती ठरलेली. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एप्सनच्या अक्षरसंचावर लावलेला असला तर चौकटीच्या जागी तिरकी इंग्रजी अक्षरं ओळीने छापली जात.

अमेरिकेत इयन डेव्हिस यांनी १९८६ मध्ये ‘द ड्रॉ’ हा याच जातीचा संपादक केला होता. युनिक्सवर त्याआधीच बर्कलीच्या केन अरनॉल्ड यांनी टेक्स्ट स्क्रीन हाताळणारी ‘कर्सेस’ लायब्ररी लिहून ठेवली होती. आपल्याकडे मात्र या रेघांना मराठीशीच टक्कर द्यावी लागली. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसच्या स्क्रीनवर देवनागरी दिसू लागली आणि १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा अक्षरसंच प्रमाण ठरला. इस्कीच्या मूळ मांडणीत १७९ म्हणजे क, १९६ म्हणजे द, १९१ म्हणजे ड आणि २१८ म्हणजे काना. चौकटीची वरची कड इस्कीच्या नजरेने वाचली तर एक काना, द-द-दची रांग आणि शेवटी ड.

पुढे विंडोज आलं. २००१ साली एमकेसीएल स्थापन झाली, तिचा एमएस-सीआयटी हा संगणक-ओळखीचा कोर्स गावोगाव पोचला, आणि क्लासच्या पाट्यांवरचं सी मागे पडून वर्ड-एक्सेल पुढे आलं. लाखो लोक संगणक वापरायला शिकले, हे मोठंच काम. कॉलेजांत मात्र उलटं घडलं: टर्बो सी जायलाच तयार नव्हतं. ६४ बिटांच्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्समध्ये गुंडाळून चालवलं गेलं. माझ्या मते ही शुद्ध सुस्ती होती. साधन जपलं आणि व्यायाम टाकून दिला. मुलं जुन्या निळ्या स्क्रीनवर त्याच बेरजा-वजाबाक्या करत बसली.

नाशिकला हा व्यायाम परका नव्हता. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डिप्लोमावाली मुलं सीएनसी यंत्रांवर उभी राहत. तिथेही पेन उचल, इथे ने, टेकव, रेघ मार. फक्त पेनाच्या जागी हत्यार. यंत्राच्या आज्ञांत जी०० म्हणजे न कापता सरकणं, जी०१ सरळ कापणं, जी०२ आणि जी०३ वळणं. आणि तिथे चूक झाली तर धातूचा तुकडा वाया जाई.

आज लिनक्सवर कर्सेसचा वारस एनकर्सेस फुकट मिळतो, चौकटीच्या रेघांना युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, विंडोज १०चा कन्सोलही कर्सर-रंगाच्या जुन्या सांकेतिक आज्ञा समजतो. न सुटलेली गोष्ट एकच, एक अक्षर एक घर हा नियम. ‘स्त्री’मध्ये युनिकोडचे सहा संकेत आहेत, आणि ते किती घरांत मांडायचे याबद्दल टर्मिनल प्रोग्रॅममध्ये अजून एकमत नाही.

प्रथम वर्षाला सी शिकवणाऱ्या नाशिकच्या प्राध्यापकांना एक विनंती. पहिल्या सत्राच्या शेवटी मूळ संख्या शोधायचा प्रोग्रॅम देण्याऐवजी एनकर्सेसमध्ये हा चित्रकाढ्या लिहायला द्या: बाण, पेन, रंग भरणं, फाइलमध्ये साठवणं. आणि देवनागरीत नाव लिहायची सोय जो करून दाखवेल त्याला पाच मार्क जास्त द्या.