खाडीपलीकडचा जपान – भाग ४ : भाषेचे मास्तर, इतिहासाचे लेखक

गेल्या आठवड्यात आपण भाईंदरची खाडी ओलांडून वसईच्या गोन्सालो गार्सियापर्यंत पोचलो होतो. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. कोवळ्या वयात जेझुइट पाद्र्यांबरोबर तो जपानला गेला आणि जपानी इतकी चांगली शिकला, की १५९३ साली मनिलाहून आलेले फ्रान्सिस्कन वकील पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे उभे राहिले तेव्हा दुभाषा म्हणून यालाच पुढे केलं गेलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारलेल्या सव्वीस जणांत तोही होता. १८६२ साली पोपने त्याला संतपद दिलं. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे.

हे सगळं आपल्याला कळलं कसं? अनेकांनी लिहून ठेवलं, आणि त्यांतला एक लुईश फ्रॉइश. हा पोर्तुगीज पाद्री १५४८ साली गोव्यात आला, १५६३ साली जपानात उतरला आणि उरलेलं बहुतेक आयुष्य तिथेच राहिला. नागासाकीच्या सव्वीस जणांची हकीकत लिहून त्याच वर्षी जुलैत तो वारला. त्याने लिहिलेला जपानचा इतिहास मात्र वरिष्ठ वालिन्यानो यांना फार पाल्हाळिक वाटला. थोडक्यात लिही म्हणाले, याने ऐकलं नाही, आणि हस्तलिखित युरोपला न जाता मकावमध्ये पडून राहिलं. आज त्याच पाल्हाळासाठी इतिहासकार त्याला दुवा देतात.

पुढे जपानने दारं मिटली आणि उघडली ती एकोणिसाव्या शतकात. मग परके मास्तर आले. त्यांतला जेम्स मर्डॉक मला सगळ्यांत आवडतो. जन्म १८५६, स्कॉटलंडचा. ग्रीक शिकवलं, ऑस्ट्रेलियात शाळामास्तरकी आणि पत्रकारिता केली, मध्येच पॅराग्वेत आदर्श वसाहत वसवायला निघालेल्या मंडळींत सामील होऊन हात पोळून घेतले. तोक्योत त्याच्या इंग्रजीच्या आणि इतिहासाच्या वर्गात बसलेला एक विद्यार्थी म्हणजे पुढचा कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. मर्डॉकने जपानच्या इतिहासाचा जो खंड सर्वांत आधी, १९०३ साली काढला, तो नेमका १५४२ ते १६५१ या काळाचा, म्हणजे आपल्या गोन्सालोचा. जुनी जपानी कागदपत्रं वाचण्याइतकी भाषा तेव्हा त्याच्याजवळ नव्हती. जपानी बाजू यामागाता इसो या सहकाऱ्याने सांभाळली आणि त्याचं नाव मुखपृष्ठावर आलं. त्यानंतर, पन्नाशीच्या आसपास, मर्डॉक जुनी जपानी वाचायला शिकला आणि दुसरा खंड १९१० साली आला. १९११ साली सोसेकीने या जुन्या मास्तरांवर आणि त्यांच्या इतिहासावर लेख लिहिले. शेवटी मर्डॉक सिडनी विद्यापीठात जपानी शिकवू लागला. १९२१ साली तो गेला आणि तिसरा खंड त्याच्यामागे छापला गेला.

याच वाटेवरचं आजचं नाव थॉमस लॉक्ली. हे ब्रिटिश प्राध्यापक तोक्योच्या निहोन विद्यापीठात इंग्रजी शिकवतात. त्यांचा विषय यासुके, म्हणजे वालिन्यानोंबरोबर १५७९ साली जपानात उतरलेला आफ्रिकी माणूस. वालिन्यानो गोव्याहून निघाले होते, पण यासुके त्यांना कुठे मिळाला याचा कागद नाही. १५८१ साली बलाढ्य सरदार नोबुनागाने त्याला पाहिलं, काळा रंग खरा का म्हणून अंग घासून धुवायला लावलं आणि खूश होऊन पदरी ठेवलं. एका दैनंदिनीत उंची नोंदली आहे : सहा शाकु दोन सुन, म्हणजे सहा फुटांवर दोन इंच. १५८२ च्या जूनमध्ये नोबुनागाचा घात झाला, यासुके त्याच्या मुलाच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि पाद्र्यांकडे पाठवला गेला. ही शेवटची झुंज फ्रॉइशने लिहून ठेवली आहे. पुढे कागद गप्प होतात.

अस्सल नोंदी एकत्र छापल्या तर दोन-तीन पानं भरतील. लॉक्लींनी कादंबरीकार जेफ्री जिरार्ड यांच्यासह २०१९ साली त्यावर जाडजूड इंग्रजी पुस्तक काढलं. जगाला यासुके कळला तो बराचसा त्यामुळे, हे श्रेय त्यांचं. पण मधल्या जागा संवादांनी आणि मनातल्या विचारांनी भरल्या आहेत, आणि साधन कुठे संपलं ते पानावर सहज दिसत नाही. २०२४ साली यासुकेला नायक करणारा व्हिडिओ गेम जाहीर झाला, जपानात गदारोळ उठला आणि बराच राग लॉक्लींवर निघाला. त्यातला पुष्कळसा राग वंशद्वेषाचा होता, त्याची बाजू घेण्याचं कारण नाही. आक्षेपातला खरा भाग एवढाच, की तर्क आणि नोंद एकाच सुरात सांगितले गेले.

आपण फार नाक मुरडू नये. थोरल्या माधवरावांचं आणि रमाबाईंचं बोलणं आपल्याकडे निम्म्या घरांना रणजित देसाईंच्या कादंबरीतूनच ठाऊक आहे. फरक इतकाच, की ‘स्वामी’च्या वाचकाला आपण कादंबरी हातात घेतली आहे हे माहीत असतं. लॉक्ली भाषेचे मास्तर आहेत, इतिहासाचे नव्हेत, हा मुद्दाही मला पटत नाही. मर्डॉक तरी कुठे जपानच्या इतिहासाचा होता? त्याने परकी भाषा वाचता येईपर्यंत सहकाऱ्याचा आधार घेतला आणि तो उघड सांगितला.

पुढच्या भागात तोसाच्या किनाऱ्यावर फुटलेलं ‘सान फेलिपे’ जहाज. गोन्सालोच्या मरणाची सुरुवात त्याच्या मालावरून झाली.