बेडक्यातील खुणांचा मागोवा

फुफ्फुसांच्या दीर्घकालीन आजारांचे जैवदर्शक, म्हणजे रोगाचा प्रकार, जोर किंवा वाटचाल दाखवणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या पेशी, प्रथिने व रसायने, बेडक्यात शोधण्याचा प्रयत्न किमान दीड शतकापूर्वीचा आहे. जर्मन वैद्य लायडेन यांनी 1872 मध्ये दमेकऱ्यांच्या बेडक्यातील टोकदार स्फटिकांचे वर्णन केले. ते इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींतील प्रथिनाचे असतात, हे पुष्कळ नंतर उलगडले. परंतु 1882 मध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला आणि बेडक्याला विचारायचा मुख्य प्रश्न एकच उरला : जंतू आहे की नाही?

1956 पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या आणि नंतर कर्नाटकात गेलेल्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात, मराठी बोलणाऱ्या गावांपर्यंत, बेडका तपासणी पोहोचली ती याच प्रश्नासह. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या अभ्यासांवर 1962 चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यात केलेल्या, 1963 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, बेडक्यात जंतू असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण आधीच उपचारासाठी कुठे ना कुठे जाऊन आल्याचे आढळले. म्हणजे रुग्ण दारात येत होता, उणीव तपासणीत होती. पुढे सूक्ष्मदर्शकाला जनुकीय चाचण्यांची जोड मिळाली आणि गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीला 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता लाभली.

बेडक्यात कोणत्या पेशी आहेत, हा दुसरा प्रश्न 1950 च्या दशकात इतरत्र विचारला जात होता. इंग्लंडमधील डर्बी येथे मॉरो ब्राउन दमेकऱ्यांचा बेडका स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. स्टेरॉइडचा दीर्घकालीन दम्यात फारसा उपयोग नाही, असे तेव्हाच्या चाचण्यांवरून वाटू लागले असताना, बेडक्यात इओसिनोफिल असलेल्यांनाच प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडते, हे त्यांनी 1958 मध्ये दाखवून दिले. औषध निकामी नव्हते, वेगवेगळे रुग्ण एकाच नावाखाली मोजले जात होते. या निष्कर्षाला चाळीसहून अधिक वर्षे हवे तेवढे महत्त्व मिळाले नाही, ही खेदाची गोष्ट आहे. कॅनडातील हॅमिल्टन येथील गटाने 1992 मध्ये मिठाच्या तीव्र पाण्याचे तुषार श्वासावाटे देऊन बेडका काढण्याची आणि त्यातील पेशी मोजण्याची पद्धत मांडली, आणि 2002 मध्ये लेस्टर येथील 74 रुग्णांच्या चाचणीत, इओसिनोफिलचे प्रमाण 3 टक्क्यांखाली ठेवण्याच्या धोरणाने वर्षभरात दम्याचे तीव्र झटके 109 ऐवजी 35 वर आले. तरीही नमुना काही तासांतच हाताळावा लागतो आणि मोजणीला सरावलेली नजर लागते. म्हणून पुढे रक्तातील इओसिनोफिलची सोपी मोजणी अधिक रुळली.

बिदर-कलबुर्गीच्या या सीमाभागासाठी दम्याइतकेच महत्त्वाचे ठरतात ते क्षय बरा झाल्यावर मागे राहणारे विकार. भारतातील 31 केंद्रांमधील 2195 रुग्णांच्या 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोंदींत, श्वासनलिका कायमच्या रुंद होऊन त्यांत कफ साचण्याच्या विकाराचे सर्वांत मोठे कारण पूर्वीचा क्षय होते, सुमारे 35 टक्क्यांमध्ये. अशा रुग्णाच्या बेडक्यात न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींनी सोडलेले, ऊती कुरतडणारे इलॅस्टेज हे विकर वाढलेले असेल, तर पुढे आजार वारंवार बळावण्याचा धोका अधिक असतो. बेडक्याचा हिरवा रंगही याच पेशींतील एका विकरामुळे येतो, त्यामुळे घरच्या माणसांनी सांगितलेला रंग हीदेखील कामाची माहिती आहे.

धूम्रपान न करणाऱ्यांच्या श्वसनरोगाकडे पुण्याचे संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये लक्ष वेधले. ज्या घरांत चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जळतात, तेथील स्त्रियांचा जुना खोकला त्याच चर्चेत मोडतो. क्षयाचा अहवाल ‘जंतू नाही’ असा आला की त्यांची तपासणी बहुधा तिथेच थांबते. वस्तुतः त्याच डबीतल्या नमुन्याची एक काचपट्टी साध्या रंगद्रव्याने रंगवली, तरी इओसिनोफिल आहेत की न्यूट्रोफिल, हे प्रशिक्षित तंत्रज्ञाला सांगता येते, आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आधीपासून आहेच.