पोर्तुगाल पाहताना (लेखांक ५) : बेलेमचा मठ, मनोरा आणि गोव्याहून गेलेला गेंडा

गेल्या आठवड्यात आपण अल्फामाच्या चढणीवर होतो. १ नोव्हेंबर १७५५च्या भूकंपानं लिस्बनची कशी राखरांगोळी केली ते तिथून पाहिलं. त्या दिवशी राजघराणं वाचलं, कारण ते शहरात नव्हतंच. पश्चिमेला सहा-सात किलोमीटरवर, तेजो नदीकाठच्या बेलेमला होतं. राजाबरोबर बेलेमच्या दोन इमारतीही तगल्या : जेरोनिमोसचा मठ आणि बेलेमचा मनोरा. युनेस्कोनं १९८३ साली दोघांना एकत्रच जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. लिस्बनला एकच दिवस हाताशी असेल तर अर्धा दिवस इथं द्यावा, असं मी म्हणेन.

शहराच्या मध्यातून पंधरा नंबरची ट्राम नदीच्या कडेकडेनं बेलेमला नेते. सोमवारी मठ बंद असतो, तेवढं पाहून निघा.

ट्राममधून उतरलं की फिकट चुनखडीची लांबच लांब भिंत समोर येते. मठ बांधण्याआधी इथं खलाशांसाठी एक छोटं प्रार्थनाघर होतं. ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामानं याच किनाऱ्यावरून नांगर उचलला. आदली रात्र त्यानं आणि त्याच्या माणसांनी त्या प्रार्थनाघरात जागून काढली, असं सांगतात. सुमारे १७० माणसं गेली. त्यातली निम्मीही परतली नाहीत. पण जी परतली त्यांना भारताची वाट सापडली होती.

त्यानंतर दोन-तीन वर्षांतच राजा मानुएल पहिला यानं मठाच्या बांधकामाला हात घातला. पैसा कुठून आला, हे जाणून घेण्यासारखं आहे. आफ्रिका आणि पूर्वेकडून येणाऱ्या मालावर शेकडा पाच कर होता, त्यातून हे काम चाललं. या कराचं नाव ‘मिरीचा वीसांश’. नाव मिरीचं, पण गंमत अशी की मिरी, दालचिनी आणि लवंग या तिन्हींचं उत्पन्न राजानं मठाला दिलंच नाही. ते थेट त्याच्या तिजोरीत जाई. मठाला मिळाला तो उरलेल्या मालातला हिस्सा. तेवढ्यावरही शंभरेक वर्षं पाथरवटांचे हात चालू राहिले, यावरून मुख्य गल्ल्यात काय पडत असेल त्याचा अंदाज करावा. मठातल्या साधूंना कामही नेमून दिलेलं होतं : राजाच्या आत्म्यासाठी आणि समुद्रावर गेलेल्या खलाशांसाठी प्रार्थना करायची.

आता भिंतीच्या जवळ जा. दगडात पिळदार दोरखंड कोरलेत, त्यांना गाठी मारल्यात. पाना-फुलांच्या नक्षीत समुद्रातली पोवळी मिसळलीत. मधून मधून एक कड्याकड्यांचा गोल दिसतो. आकाशाचा वेध घेण्याच्या यंत्राचा हा आकार. मानुएलचं ते खासगी चिन्ह होतं आणि पोर्तुगालच्या आजच्या झेंड्यावरही तेच आहे. या सगळ्या थाटाला पुढे एकोणिसाव्या शतकात ‘मानुएलीन शैली’ असं नाव पडलं. तुम्ही जुन्या गोव्याला गेला असाल तर ती तुम्हाला परकी वाटणार नाही. तिथल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचं दार आठवा. आजचं चर्च १६६१चं, पण दार आधीच्या इमारतीतलं राखलेलं, आणि त्यावर हेच गोल आहेत.

मठाला लागून असलेल्या चर्चमध्ये शिरलं की पहिली नजर वर जाते. सडसडीत, कोरीव खांब सरळ उंच गेलेत आणि माथ्यावर झावळ्यांसारखे पसरलेत. कोकणातल्या माणसाला पोफळीच्या बागेत उभं राहिल्यासारखं वाटावं. मग नजर खाली आणा. आत शिरताच डावीकडे वास्को द गामा आणि उजवीकडे कवी लुईस द कामॉइश, दोघे दगडी शेजेवर हात जोडून पहुडलेत. ही समाधी-शिल्पं मात्र जुनी नाहीत, एकोणिसाव्या शतकातली आहेत.

वास्कोच्या देहाचा प्रवास त्याच्या आयुष्याइतकाच लांबलेला. तो वारला कोचीत, १५२४च्या नाताळच्या आदल्या दिवशी. तिथल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं. पुढे १५३९ साली अवशेष पोर्तुगालला आणले, ते विदिगेरा गावी. बेलेमला ते आले १८८०मध्ये. शिल्पात त्याचं गलबत कोरलंय, क्रूस कोरलाय. १५०२च्या फेरीत मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचं जहाज त्यानं बायकामुलांसकट जाळलं, ते इथं कुठं दिसणार! समाधीवर आपल्या माणसाचं चांगलं तेवढंच लिहितात, हे जगभर सारखंच. पण मलबारच्या किनाऱ्यावर ती आठवण वेगळी आहे, आणि इथं उभं राहणाऱ्या भारतीयानं ती सोबत आणलेली बरी.

कामॉइशनं वास्कोच्या सफरीवर महाकाव्य लिहिलं, ‘लुसियाद’. ते १५७२ साली छापलं गेलं. त्याच्या आयुष्याचीही काही वर्षं गोव्यात गेली. वेदीजवळ राजघराण्याच्या थडग्यांकडे गेलात तर थडगी सोडून त्यांच्या तळाकडे पाहा. मानुएल आणि त्याच्या मुलाच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींनी पाठीवर तोलल्यात. पोर्तुगालच्या राजांना शेवटची उचल द्यायलाही हत्ती लागले.

हत्तींवरून आठवलं, आता गेंड्याकडे जाऊ. नदीकाठानं पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की बेलेमचा मनोरा येतो. १५१४ ते १५१९ या काळात फ्रान्सिश्कु द अरुदा या स्थपतीनं तो बांधला. तेव्हा तो काठाजवळच्या खडकावर, चहूबाजूंनी पाण्यात होता. पुढे काठच सरकत त्याच्यापर्यंत आला. बंदराच्या तोंडाशी तोफा ठेवायच्या म्हणून बांधलेली ही चौकी, नंतर तुरुंग म्हणूनही वापरली गेली. मराठीतला हा ‘तुरुंग’ शब्दही पोर्तुगीजांकडूनच आलेला. आतली वाट अरुंद आणि रांग मोठी. आत जायला नाही मिळालं तरी चुटपुट लावून घेऊ नका, कारण खरी गंमत बाहेर आहे.

वायव्येकडच्या छोट्या बुरुजाच्या बुडाशी पाहा. बुरूज जिथून भिंतीबाहेर झेपावतो, तिथं एक प्राण्याचं डोकं आहे. पाचशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यानं झिजून गुळगुळीत झालेलं, पहिल्या नजरेत डुक्कर वाटावं असं. तो गेंडा आहे, आणि तो आपल्याकडून गेला.

झालं असं. पोर्तुगीज गव्हर्नर आफोन्सु द आल्बुकेर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. १५१४ साली त्यानं गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याच्याकडे परवानगीसाठी वकील धाडले. सुलतानानं किल्ल्याला नकार दिला आणि नकार गोड व्हावा म्हणून भेटी दिल्या, त्यात एक जिवंत गेंडा. आल्बुकेर्कनं तो गोव्यातून राजाला नजराणा म्हणून रवाना केला. १५१५च्या जानेवारीत जहाज सुटलं आणि २० मे रोजी गेंडा लिस्बनला उतरला. मनोऱ्याचं बांधकाम तेव्हा ऐन भरात होतं. रोमन काळानंतर युरोपनं पाहिलेला हा पहिला जिवंत गेंडा. त्याला नावही इथलंच मिळालं होतं, ‘गंडा’.

मानुएलला हौस दांडगी. हत्ती आणि गेंडा एकमेकांचे वैरी, असं जुन्या ग्रंथात लिहिलेलं, म्हणून त्यानं दोघांना समोरासमोर उभं केलं. गेंडा सावकाश पुढे आला आणि हत्ती पळत सुटला. मग राजानं हा गेंडा पोपला भेट पाठवायचं ठरवलं. आदल्याच वर्षी हत्ती पाठवून झाला होता. इटलीच्या किनाऱ्याजवळ वादळात जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं, पण हा साखळदंडात होता.

त्याचं चित्र मात्र तरलं. जर्मनीत आल्ब्रेख्त ड्यूररनं, गेंडा कधीही न पाहता, नुसत्या पत्रातल्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून लाकडी ठशावर त्याचं चित्र कोरलं. अंगावर चिलखताचे पत्रे आणि पाठीवर एक जास्तीचं शिंग! पुढची कैक वर्षं युरोपातली पोरं गेंडा म्हणून हेच चित्र पाहत मोठी झाली.

मठ आणि मनोरा यांच्यामध्ये नदीवर झुकलेलं एक भलंमोठं स्मारक लागतं, गलबताच्या आकाराचं, शोधसफरींच्या गौरवाचं. सालाझारच्या हुकूमशाहीत १९६० साली ते पक्कं उभारलं. त्यावरच्या तेहतीस पुतळ्यांत सेंट फ्रान्सिस झेवियरही आहे, ज्याचं शव जुन्या गोव्यात आहे. समोरच्या फरशीवर जगाचा नकाशा आहे आणि पोर्तुगीज जिथं जिथं पोचले तिथली सालं लिहिली आहेत. कधी निघाले, ते लिहिलेलं नाही. स्मारक होऊन दुसऱ्याच वर्षी, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोवा मुक्त झाला.

पाय दुखायला लागले असतील, तर मठाशेजारच्या निळ्या-पांढऱ्या फरश्यांच्या दुकानात बसा. १८३४ साली पोर्तुगालमधले मठ सरकारनं बंद केले, आणि १८३७पासून मठातल्या कृतीनं इथं ‘पास्तेल द बेलेम’ बनते. कुरकुरीत पापुद्र्यांची वाटी, आत अंड्याच्या बलकाचं सायीसारखं सारण, माथ्यावर करपल्याचे काळे डाग. बलक सढळ हातानं घालण्याची ही खोड गोव्याच्या बेबिंकातही आहे. गरम गरमच खा. बशीबरोबर दोन छोट्या पुड्या येतात, एक पिठीसाखरेची, एक दालचिनीची. जिचा वाटा मानुएलनं देवाच्या घरालाही सोडला नव्हता, ती दालचिनी आता फुकट मिळते. हवी तेवढी भुरभुरा.

(पुढच्या आठवड्यात : जहाजांच्या शिडांवरचा क्रूस जिथून आला ते तोमार, आणि दगडात समुद्र कोरलेली तिथली एक खिडकी.)