खलिफा बदलला, सेनापती गेले

सिंध जिंकणारा महंमद बिन कासीम पुढे का आला नाही, त्याला हरवलं कोणी, हा प्रश्न वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचंच. माझं उत्तर ठरलेलं : रणांगणात कोणीच नाही. ७१२ मध्ये राजा दाहीर पडला, पाठोपाठ मुलतान गेलं. कासीमची घोडदौड थांबली ती खलिफाच्या मृत्यूने.

७१५ मध्ये उमय्यद खलिफा वलीद वारला. त्याच्यानंतर धाकटा भाऊ सुलेमान, हे बापानेच ठरवलेलं. वलीदला मात्र गादी मुलाला द्यायची होती. इराकचा सुभेदार हज्जाज आणि खुरासानचा कुतैबा यांनी त्याचीच री ओढली. बेत तडीस जाण्याआधी हज्जाज गेला, मग वलीदही. सुलेमान गादीवर बसला तो मनात डूख धरूनच.

सरकार बदललं की बदल्या होतात, हे आपल्याला नवं नाही. इथे जीवही गेले. कासीम हज्जाजच्या नात्यातला, त्यानेच पाठवलेला. त्याला बेड्या घालून इराकमधल्या वासितला नेलं. हे शहर हज्जाजनेच वसवलेलं. तिथल्या सालिह या अधिकाऱ्याच्या भावाला हज्जाजने मारलं होतं. त्याचा सूड हज्जाजच्या माणसांवर निघाला. त्या छळात कासीम संपला. दाहीरच्या मुलींनी डाव टाकून त्याला कच्च्या कातड्यात शिववलं, ही ‘चचनामा’तली गोष्ट मुलांना फार आवडे. पण त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात लिहिणारा बलाजुरी वासितचीच हकीकत देतो, आणि मला तीच पटते.

बुखारा-समरकंद जिंकणारा कुतैबा तेव्हा फरगाण्यात होता. त्याने बंड पुकारलं, पण त्याच्याच सैन्याने त्याला ठार केलं. तिकडची आगेकूच थंडावली. सिंधमध्ये दाहीरचा मुलगा ब्राह्मणाबादला परतला.

सुलेमानने सगळं बळ कॉन्स्टँटिनोपलवर लावलं. ७१७ मध्ये भाऊ मसलमाने वेढा घातला आणि त्याच वर्षी सुलेमानही वारला. आग ओकणारी शत्रूची जहाजं, कडाक्याची थंडी आणि उपासमार यांनी फौज खिळखिळी झाली होती. नवा खलिफा दुसरा उमर याने ती ७१८ मध्ये माघारी बोलावली.

राज्य स्पेनपासून सिंधूपर्यंत पसरलं, पण गादीचा वारस हा घरातल्या ओढाताणीचाच विषय राहिला. सुभेदार कोणा एकाचा माणूस म्हणून नेमला जाई. तो एक गेला की जिंकलेला मुलूखही सुभेदाराला वाचवू शकत नसे.