विजया आणि मेंदूतील नव्या पेशी

नंदुरबारमधील आमच्या चिकित्सालयात एका विद्यार्थ्याच्या पालकांनी विजयायुक्त गोळ्यांची बाटली पुढे ठेवली. तिने मेंदूत नव्या पेशी वाढतात, असे त्यांना दुकानात सांगितले होते.

या समजाला आधार अगदीच नाही असे नाही. शरीर स्वतःच आनंदामाइड हे द्रव्य निर्माण करते (१९९२ मधील हे नाव संस्कृत 'आनंद' शब्दावरून दिलेले). ते मेंदूतील सीबी-१ ग्राहींवर कार्य करते. २००५ मध्ये कॅनडातील सस्कॅचेवान विद्यापीठात याच ग्राहींवर कार्य करणारे एचयू-२१० हे कृत्रिम द्रव्य १० दिवस दिले असता उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या चेतापेशी वाढल्या. परंतु एचयू-२१० म्हणजे भांग नव्हे. २०१० च्या एका अभ्यासात भांगेतील मादक घटक टीएचसी दिलेल्या उंदरांचे शिकणेच मंदावले.

चरकोक्त चार मेध्य रसायनांत विजया नाही. शार्ङ्गधरांनी तिला व्यवायी म्हटले आहे. ई-१ सूचीतील द्रव्य असल्याने वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीची सूचना बंधनकारक आहे. या बाटलीवर ती होती, पण विक्रेत्याने वाचून दाखविली नव्हती.

गोळ्या आम्ही बंद केल्या, मंडूकपर्णी स्वरस योजिला आणि मुलाच्या रात्रीच्या जागरणाची चौकशी केली.