अधिकार आणि सत्ता : मंडळीच्या सेवकाचा शब्द कोठवर चालावा?

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूरच्या बाजूस काम करणाऱ्या एका उपदेशकाने मागे एका सेवक-मेळाव्यात आम्हांस प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, “आमच्याकडचे लोक मला विचारल्याशिवाय बैलदेखील विकत नाहीत. हे चांगले समजावे की वाईट?” मेळाव्यात हशा पिकला, परंतु विचारणारा हसत नव्हता. पुढे त्याने जे सांगितले त्याने सर्वच गंभीर झाले. त्याच्या मंडळीतील एका विधवेच्या मुलीस दुसऱ्या एका ख्रिस्ती मंडळीतील स्थळ आले होते. आईने सल्ला विचारला. याने “प्रभूची इच्छा दिसत नाही” असे सांगितले आणि स्थळ मोडले. काही महिन्यांनी एका रात्री प्रार्थना करीत असता त्याच्या ध्यानात आले की, त्या स्थळात दोष काहीच नव्हता. आपल्या मंडळीतील एक घर दुसऱ्या मंडळीकडे जाईल, एवढीच भीती त्याच्या मनात होती. त्या भीतीस त्याने प्रभूची इच्छा हे नाव दिले होते.

हा प्रश्न त्या एकट्याचा नाही. आपणांपैकी ज्यांच्या हाती कळप सोपविला आहे, त्या प्रत्येकाचा तो आहे. म्हणून त्याचा येथे थोडा क्रमवार विचार करू.

१. एका शब्दाचे दोन अर्थ

आपल्या मराठी भाषेत ‘अधिकार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. कचेरीत बसणारा तो अधिकारी. त्याचा हुकूम खुर्चीच्या बळावर चालतो, आणि बदली झाली की तो हुकूमही जातो. दुसरीकडे संतपरंपरेत एखाद्यास ‘अधिकारी पुरुष’ म्हणतात, तेव्हा त्याच्याजवळ खुर्ची नसते, शिपाई नसतो. साधनेने, अनुभवाने व निर्मळ वागणुकीने त्याच्या बोलण्यास वजन आलेले असते. लोक त्याचे ऐकतात, कारण ऐकावेसे वाटते. पहिल्या अर्थास आपण या लेखापुरते ‘सत्ता’ म्हणू आणि दुसऱ्यास ‘अधिकार’.

मंडळीच्या सेवकास व्यवस्थेपुरती थोडी सत्ता लागतेच. उपासना कोणी चालवावी, वर्गणीचा हिशेब कोणी ठेवावा, विवाहाची नोंद कोणी करावी, या गोष्टी नेमून दिल्याशिवाय घोटाळा होतो. परंतु आत्म्याच्या वाटेवर माणसास नेण्याचे जे काम आहे ते सत्तेने होत नाही; ते अधिकारानेच होते. घोटाळा उत्पन्न होतो तो व्यवस्थेसाठी मिळालेली सत्ता आपण आत्म्याच्या क्षेत्रात चालवू लागतो तेव्हा.

२. पवित्र शास्त्राचा कल

जब्दीच्या मुलांच्या आईने आपल्या मुलांसाठी मानाच्या जागा मागितल्या, तो प्रसंग मत्तयाच्या विसाव्या अध्यायात आहे. राष्ट्रांचे अधिपती जसे धनीपण चालवितात तसे शिष्यांमध्ये चालू नये, थोर होऊ पाहणाऱ्याने सेवक व्हावे, असे प्रभूने तेथे स्पष्ट सांगितले. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांवर आरोप आहे तो त्यांनी कळपाचे रक्षण केले नाही, उलट त्यावर कठोरपणे धनीपण केले, असा दुहेरी आहे.

पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्याय तर वडिलांसाठीच लिहिला आहे. तेथे सोपवून दिलेल्या लोकांसाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, ‘क्लेरॉस’, त्याचा अर्थ चिठ्ठी टाकून वाट्यास आलेला हिस्सा असा होतो. आपल्या मुलखास ‘वतन’ हा शब्द चांगला परिचयाचा आहे. देशमुखी, पाटीलकी, कुलकर्णीपण ही वतने बापाकडून मुलाकडे जात, आणि वतनदार त्यावर हक्क सांगे. पेत्राचे म्हणणे याच्या उलट आहे : कळप सेवकाकडे राखावयास दिला आहे, खावयास दिलेला नाही. मालक निराळा आहे आणि तो हिशेब घेण्यास येणार आहे.

मग इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहण्यास सांगितले आहे, त्याचे काय? ते वचन आपण नाकारू नये, आणि अर्धवट वाचूही नये. तेथील मूळ क्रियापदात ‘मन वळणे, पटणे’ हा अर्थ आहे. आणि त्याच वचनात पुढारी जीवांविषयी हिशेब देणारे आहेत असे कारण दिले आहे. ज्यास हिशेब द्यावा लागतो तो मालक नव्हे, कारभारी होय.

पौलाची रीत या बाबतीत विशेष अभ्यासण्यासारखी आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विवाहाविषयी लिहिताना तो पावलोपावली सांगतो की, ही आज्ञा प्रभूची आहे, हे मात्र माझे म्हणणे आहे, आणि अमुक बाबतीत मजजवळ प्रभूची आज्ञा नाही, मी केवळ मत देतो. प्रेषित असूनही त्याने आपले मत व प्रभूची आज्ञा यांच्यामध्ये रेघ ओढली. फिलेमोनास तो हुकूम करू शकत होता. त्याने विनंती केली, कारण सत्कृत्य जुलमाने होऊ नये अशी त्याची इच्छा होती. नार्नूरकडील आपल्या बंधूची चूक झाली ती नेमकी येथेच. ही रेघ त्याने पुसून टाकली.

३. रमाबाईंचा वाद

या प्रश्नाचा आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग पंडिता रमाबाईंच्या चरित्रात आहे. रमाबाई १८८३ साली आपली लहान मुलगी मनोरमा हिला घेऊन इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांस आश्रय दिला आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. तेथे पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांचे मत घेण्यात आले व ते प्रतिकूल पडले. रमाबाईंस हे मुळीच मान्य झाले नाही. त्या स्वदेशी असतानाच स्त्रीपुरुषांच्या सभांतून बोलत आल्या होत्या. मग ख्रिस्ती झाल्याने स्वातंत्र्य कमी का व्हावे?

सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या आत्मिक माता. रमाबाई त्यांस प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या दोघींमध्ये जो पत्रव्यवहार झाला त्यात त्रैक्याचा सिद्धांत, मनोरमेचे धार्मिक शिक्षण, इतकेच काय, क्रूसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृत का नसावीत, अशा अनेक गोष्टींवर वाद आहे. रमाबाईंचा मुद्दा थोडक्यात असा : देवाने मला विवेकबुद्धी दिली आहे, एका पुरोहितवर्गाचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरविले, ते दुसऱ्या पुरोहितवर्गाचे जू घेण्यासाठी नव्हे. सिस्टर जेराल्डिन यांची बाजूही आपण न्यायाने ऐकावी. आपल्या हाती सोपविलेला जीव अहंकाराने भरकटेल, ही त्यांची चिंता खोटी नव्हती. मंडळी म्हणजे एकेकट्याच्या मतांची गोळाबेरीज नव्हे, हे त्यांचे म्हणणेही खरे होते. हा पत्रव्यवहार १९७७ साली ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली पुस्तकरूपाने निघाला. प्रत्येक सेवकाने तो वाचावा आणि वाचताना आपण या दोघींपैकी कोणाच्या जागी उभे आहोत हे स्वतःस विचारावे.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले व पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत मुलींवर दडपण येणार नाही, असे संस्थेचे धोरण होते. १८९३ साली मात्र वादळ उठले. रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली येऊन बसत. यावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला व कित्येक पालकांनी आपल्या मुली काढून घेतल्या. रमाबाईंचे म्हणणे असे की, मी कोणास बोलावीत नाही, परंतु माझे दारही लावून घेणार नाही. हे म्हणणे प्रामाणिक होते असेच आम्ही मानतो. तथापि अन्न, वस्त्र आणि आसरा ज्या हातून मिळतो त्या हाताचा प्रभाव किती असतो, याचा विचार त्या हाताने इतरांपेक्षा अधिक केला पाहिजे. ज्या बाईने बिशपांपुढे मान तुकविली नाही, तिलाही आपल्या प्रभावाविषयी जाब द्यावा लागला. मग आपण कोण?

४. टिळकांची वाट

दुसरे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी पत्नीने पतीच्या मागे जावे हाच लोकाचार. तरीही लक्ष्मीबाई अनेक वर्षे आपल्या धर्मात राहिल्या. पुन्हा एकत्र नांदू लागल्यावर त्यांनी आपल्याच विचाराने, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. पतीची सत्ता वापरून टिळकांना हे आधी घडवून आणता आले असते की नाही, हा प्रश्न सोडून देऊ. वाट पाहिल्यामुळे मंडळीस लक्ष्मीबाईंसारखी स्वतंत्र साक्ष मिळाली, एवढे निश्चित.

१९१७ साली टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांचा तो बंधुसंघ व्हावयाचा होता. ९ मे १९१९ रोजी ते वारले व तो प्रयत्न अपुरा राहिला. त्यांच्या कल्पनेशी सर्वांचे एकमत होणार नाही. परंतु पगाराच्या व पदाच्या आधारावाचून आपल्या शब्दास काही वजन उरते काय, ही परीक्षा त्यांनी स्वतःवर घेतली, हे विसरू नये.

नार्नूरपासून फार दूर नसलेल्या केसलापूरलाही एक दरबार भरतो. १९४० साली कोमराम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारने आदिवासींच्या असंतोषाची कारणे शोधण्याचे काम मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांजकडे दिले. त्याच दशकात नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावी अशी प्रथा पडली. सरकारासही तेव्हा कळले की, हुकूम पाठविण्याआधी ऐकावयास जावे लागते. मंडळीस हे निराळे सांगावे लागू नये.

५. मर्यादा ओलांडल्यावर

ही मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण परदेशातील आहे. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा येथे पाच नामांकित उपदेशकांनी शिष्यत्वाची एक चळवळ सुरू केली. प्रत्येक विश्वासणाऱ्यास एक ‘मेंढपाळ’ नेमलेला असे. आणि अनेक ठिकाणी नोकरी, घर, विवाह यांसाठीही त्याची संमती घ्यावी लागे. हेतू चांगला होता : एकाकी माणसास आधार मिळावा. परंतु घरे मोडल्याच्या, मने दबल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. १९८६ सालापर्यंत पाचही जण वेगळे झाले, आणि त्यांपैकी बॉब ममफर्ड यांनी १९९० च्या सुमारास उघडपणे क्षमा मागितली.

आपल्या देशात या प्रश्नाची चर्चा न्यायालयातही झाली आहे. जातीतून अथवा पंथातून बहिष्कृत करण्यास मनाई करणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्यास आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. त्या निर्णयाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२३ साली हा विषय अधिक मोठ्या पीठाकडे पाठविण्यात आला. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध निराळा कायदा संमत केला. मंडळीची शिस्त आणि सामाजिक बहिष्कार या एकच गोष्टी नव्हेत. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील शिस्त भाऊ परत मिळविण्यासाठी आहे. बहिष्कार त्यास संपविण्यासाठी असतो. एखाद्यास प्रभुभोजनापासून काही काळ दूर ठेवणे वेगळे, आणि त्याच्या विहिरीवर, लग्नकार्यात वा मर्तिकास जाऊ नका असे सांगणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीचा आपणांस कोणीही अधिकार दिलेला नाही.

६. तीन वर्तुळे

व्यवहारासाठी आम्ही तीन वर्तुळे सुचवितो. पहिले वर्तुळ देवाच्या स्पष्ट आज्ञेचे. मंडळीतील कोणी सावकारीत गरिबास नाडत असेल, पत्नीस मारहाण करीत असेल, अल्पवयीन मुलीचे लग्न लावीत असेल, तर सेवकाने गप्प बसू नये. तेथे मौन हे नम्रतेचे नव्हे, भित्रेपणाचे लक्षण आहे. दुसरे वर्तुळ सल्ल्याचे. कोणाशी विवाह करावा, मुलास कोठे शिकवावे, गाव सोडून कामासाठी जावे की नाही, कोणास मत द्यावे, या बाबतीत विचारल्यास आपले मत सांगावे, ते आपले मत आहे असे म्हणून सांगावे, आणि निर्णय ज्याचा त्यास करू द्यावा. तिसरे वर्तुळ आपल्या अज्ञानाचे. कापसावर कोणते औषध मारावे, तापास दवाखान्यात जावे की न जावे, हे ठरविण्याचे ज्ञान आपल्या दीक्षेबरोबर येत नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी आणि त्यास दवाखान्याची वाटही दाखवावी.

नार्नूरसारख्या मुलखात हे पाळणे शहरापेक्षा कठीण आहे, हे आम्ही जाणतो. गोंडी, कोलामी, बंजारा, मराठी, तेलुगू अशा अनेक भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. कचेरीचा कागद तेलुगूत येतो आणि घरी बोली निराळी असते. अशा वाडीत वाचता-लिहिता येणारा उपदेशक हाच अर्ज लिहितो, रेशनकार्डाचे काम करतो, दवाखान्यात सोबत जातो. ही सेवा थोर आहे. परंतु याच सेवेतून लोकांचे अवलंबित्व वाढते, आणि अवलंबित्वाचे पाहता पाहता आज्ञाधारकपणात रूपांतर होते. म्हणून अर्ज लिहून देणाऱ्याने एखाद्या मुलास अर्ज लिहावयास शिकवावे, निर्णय विचारणाऱ्यास “तुला काय वाटते?” असे आधी विचारावे; आणि स्वतःवर जाब विचारणारे वडीलमंडळ, त्यात बायकाही, असावे असा आग्रह धरावा. ज्याच्या कामात कोणी चूक दाखवू शकत नाही, त्याची चूक फार उशिरा कळते.

आपल्या त्या बंधूने शेवटी विचारले होते, “आता मी काय करू?” आम्ही त्यास एवढेच सांगितले की, त्या माउलीच्या घरी जावे आणि म्हणावे, “त्या दिवशी मी बोललो ते माझे मत होते. प्रभूची आज्ञा नव्हती. प्रभूचे नाव मी विनाकारण घेतले.” तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “असे बोललो तर लोक पुढे माझे ऐकतील काय?” आम्हांस वाटते, कदाचित बैल विकताना त्यास कोणी विचारणार नाही. परंतु रात्री-अपरात्री, मन जड झाले असता, ज्याच्या दाराशी जावे असा माणूस आपल्या वाडीत आहे, हे त्यांस ठाऊक असेल. सेवकाचा खरा अधिकार तो हाच.