एका मृत्यूची अनेक कारणे

आत्महत्येची घटना घडली की "कारण काय?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो. कर्ज, आजार, गृहकलह असे एका शब्दातले उत्तरही लगेच मिळते. वस्तुतः अशा मृत्यूमागे अनेक घटक एकत्र आलेले असतात. त्या सर्वांची नोंद झाली तरच प्रतिबंधक उपाय योग्य ठिकाणी योजता येतात. या दृष्टीने ऑस्ट्रेलियातील पद्धत उल्लेखनीय आहे.

तेथे अशा मृत्यूची चौकशी कॉरोनर हा अधिकारी करतो. पोलिसांचा अहवाल, शवविच्छेदन व रासायनिक तपासणी यांच्या आधारे तो आपला निष्कर्ष देतो. ही कागदपत्रे २००० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय माहिती प्रणालीत जमा होतात. त्यांवरून त्या देशाचे सांख्यिकी कार्यालय २०१७ पासूनच्या मृत्यूंबाबत मानसिक व शारीरिक आजारांबरोबरच दुरावलेले नातेसंबंध, आर्थिक अडचण, न्यायालयीन प्रकरणे यांसारखे घटकही नोंदविते. एका मृत्यूसमोर आढळतील तितके घटक लिहिले जातात. अर्थात, नोंदलेला घटक म्हणजे सिद्ध झालेले कारण नव्हे. तसेच नोंद नाही म्हणून तो घटक नव्हताच, असेही म्हणता येत नाही. चौकशीत जे विचारले जाते, तेच कागदावर उतरते.

मुंबईतही १८७१ च्या कायद्यान्वये कॉरोनर होता. ते पद १९९९ मध्ये रद्द झाले. आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार पोलीस अधिकारी दोन किंवा अधिक प्रतिष्ठित स्थानिक रहिवाशांसमक्ष पंचनामा करून दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल पाठवितात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी ३१.७ टक्के कौटुंबिक समस्यांमुळे, तर १८.४ टक्के आजारपणामुळे झाल्याची नोंद आहे. या वर्गवारीत प्रत्येक मृत्यू एकाच कारणाखाली मोजला जातो. परंतु आजाराने रोजगार गेला, त्यातून कर्ज झाले आणि कर्जापायी घरात कलह वाढला, तर तो मृत्यू कोणत्या रकान्यात घालावयाचा? एकच रकाना भरला की उरलेल्या दुव्यांवर उपाय करण्याची संधी हुकते.

या साखळीतील कोणताही एक दुवा वेळीच सैल झाला, तर जीव वाचू शकतो. मानसिक ताणाखाली असलेल्यांसाठी 'टेलि-मानस' ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य उपलब्ध आहे.